दोनशेचा शॉक, पण स्ट्रोक कितीचा?

इंदूरच्या सुदामा नगरात माझ्या ताईच्या घरी जिन्याखाली एक माउंटन सायकल अकरा वर्षं उभी होती. २००३ सालची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, २६ इंची चाकांची, पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन. भावोजी पुण्याला नोकरीत असताना त्यांनी ती परदेशातून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून घेतली आणि सिंहगडाच्या बाजूला चार-पाच वर्षं भरपूर पिदडली. पुढे इंदूरला बदली झाली, गुडघा गेला आणि सायकल जिन्याखाली गेली. गेल्या पावसाळ्यात भाचीनं ती बाहेर ओढून काढली, धुतली आणि मला फोन केला. "मामा, बाबांची सायकल मला चालवायचीय. जानापावला."

जानापाव म्हणजे महूच्या पुढची ती टेकडी, जिथे चंबळ उगम पावते. डांबरी रस्त्यानं कुणीही जाईल, पण पोरीला जायचं होतं बाजूच्या पायवाटेनं. तिथे काळा दगड, सुटा मुरूम आणि पावसानं खणलेल्या घळी. म्हणजे मागचं सस्पेन्शन शोभेपुरतं असून चालणार नव्हतं.

टायर, केबल, चेन, ब्रेक पॅड हे सगळं दोन रविवारांत झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. खरं प्रकरण मागच्या शॉकअपचं, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागाचं. त्याला सव्वातीन महिने लागले. इतका वेळ का लागला, कुठे चुकलं आणि शेवटी काय बसवलं ते सविस्तर लिहितो, कारण अशा जुन्या सायकली इंदूरच्या बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत आणि त्यांना भंगाराचा रस्ता दाखवला जातो तो बहुतेक वेळा याच एका भागापायी.

जुन्या शॉकला काय झालं होतं

तो हवेचा शॉक होता. रात्री १२० पीएसआय दाबानं हवा भरावी, सकाळी सीट दाबली की मागचा भाग उशीसारखा खाली जावा. नुसता खाली जात नव्हता, तिथेच राहत होता. या शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात. मोठा कप्पा शॉकला लांब ढकलतो, छोटा त्याला आत ओढतो, आणि दोघांच्या ओढाताणीतून सुरुवातीची हालचाल मऊ होते. मोठ्यातली हवा बाहेर गेली आणि छोट्यातली अडकून राहिली की शॉक आत ओढला जाऊन आखडतो.

ही गोष्ट माहीत नसली तर घात होतो. शॉक मी एका सायकलवाल्याकडे नेला होता. त्यानं तो व्हाइसमध्ये धरला आणि बाहेरचा डबा पाइप पान्यानं फिरवायला घेतला. मी अक्षरशः त्याचा हात धरला. छोट्या कप्प्यात दाब अडकलेला असताना डबा सुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. आखडलेला शॉक कधी उघडू नये. आधी वरून हवा भरून तो पूर्ण लांब करावा, लांब होत नसेल तर तसाच बाजूला ठेवावा. आत डॅम्पिंगच्या तेलामागे नायट्रोजनचा वेगळा कप्पा असतो, त्याला तर आपल्यासारख्यांनी हातच लावू नये.

हवा भरल्यावर आमचा शॉक लांब झाला. मग हवा पूर्ण सोडून मी तो उघडला, सील मोजले आणि सियागंज बाजारातून त्या मापाचे ओ-रिंग आणून बसवले. दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा दांड्यावरून नख फिरवून पाहिलं, आणि नख अडकलं. सील जिथून पुढेमागे सरकतो त्याच जागी उभा ओरखडा होता, बोटभर लांब. बारीक माती आत जाऊन वर्षानुवर्षं घासली गेली होती. असा दांडा नवीन सीलसुद्धा खातो. पुन्हा मुलामा चढवून घेण्याचा खर्च आणि धोका दोन्ही जास्त, म्हणून दुरुस्तीचा विचार तिथेच सोडला.

बाजारात काय मिळतं आणि का चालत नाही

महिनाभर मी दुकानं पालथी घातली. "भिया, इससे अच्छा तो नई ले लो," हे वाक्य चार ठिकाणी ऐकलं.

आपल्याकडच्या साध्या डबल सस्पेन्शनच्या सायकलींना जो स्प्रिंगचा शॉकअप येतो तो स्वस्तात मिळतो. पण तो बराच आखूड असतो, आणि मुख्य म्हणजे त्यात डॅम्पिंग, म्हणजे उसळी अडवून हळू करणारी योजना, नसते. नुसती स्प्रिंग. खड्ड्यात दबली की तितक्याच जोरानं उसळते. रस्त्यावर ते खपतं. उतारावर मुरमात मागचं चाक उसळलं तर माणूस हँडलवरून पुढे जातो. मोटारसायकलचा मोनोशॉक कापून बसवून देतो म्हणणारे भेटले. त्याची स्प्रिंग दोन माणसं आणि शंभराहून जास्त किलोची गाडी पेलायला केलेली असते. पन्नास-साठ किलोच्या मुलीखाली ती हलणारसुद्धा नाही.

मग नवा, खास माउंटन सायकलचा शॉक. इथे मापांचा इतिहास आडवा येतो. जुने शॉक इंचात होते: साडेसहा, साडेसात, ७.८७५, साडेआठ इंच. २०१६ साली रॉकशॉक्ससह काही कंपन्यांनी मेट्रिक मापं आणली, १९०, २१०, २३०, २५० अशी. आमचा जुना शॉक हवा भरून लांब केल्यावर व्हर्निअरनं भरला १९९.६ मिमी, म्हणजे ७.८७५ इंच, बोलीभाषेत दोनशेचा. मेट्रिकच्या त्या ओळीत दोनशे नाहीच. हे माप म्हणजे शॉकच्या दोन टोकांच्या भोकांमधलं, मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. दुकानदार त्याला आय-टू-आय म्हणतात. मध्य नजरेनं पकडता येत नाही. भोकं सारखी असतील तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं, तेच अंतर येतं.

"दहा मिलिमीटरनं काय होतंय, मामा? २१०चा टाकू," असं भाचीनं विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून हिशेब मांडला. आमच्या फ्रेममध्ये शॉक १ मिमी दबला की मागचं चाक साधारण २.३५ मिमी वर येतं. म्हणजे १० मिमी लांब शॉक घातला तर सायकलचा मागचा भाग जवळजवळ २४ मिमी उचलला जातो. चाकांमधलं अंतर १०८० मिमी धरलं तर सगळी फ्रेम सव्वा अंशानं पुढे झुकते. कागदावर सव्वा अंश काहीच वाटत नाही, पण उतारावर हँडल नको तितकं चपळ होतं आणि वजन पुढच्या चाकावर जातं. नवशिक्या माणसाला मी ती सायकल देणार नाही. १९०चा घातला तर उलटं, पेडल दगडांवर आपटणार.

जुन्या मापाचे नवे शॉक काही कंपन्या अजून बनवतात, पण मागवणं, कुरिअर, कस्टम हे सगळं धरून आकडा सायकलच्या आजच्या किमतीच्या पुढे जात होता. उरला वापरलेला शॉक.

चूक इथे झाली

पुण्याच्या एका माणसाकडे दोनशेचा कॉइल शॉक होता, म्हणजे हवेऐवजी स्प्रिंगचा, पण आत तेलाचं खरं डॅम्पिंग असलेला. साडेसहा हजार म्हणाला. फोटोत दांडा आरशासारखा. मला कॉइल आवडलाही, कारण त्याला शॉकचा वेगळा पंप लागत नाही, हवेचे सील नाहीत, आणि मालव्याच्या धुळीत तो जास्त टिकतो. आय-टू-आय विचारलं, दोनशे. पैसे पाठवले.

माल आला तो उत्तम होता. स्प्रिंग काढून दांडा हातानं दाबला, एकसारख्या अडवणुकीनं आत गेला आणि हळूहळू बाहेर आला. फसफस नाही, तेलाची ओल नाही, रिबाउंडचा खटका फिरवला की परतीचा वेग बदलत होता. वापरलेला शॉक घेताना स्प्रिंग काढून एवढं बघितलंच पाहिजे. स्प्रिंग चढवलेली असली तर आतलं तेल संपलंय की नाही हे कळतच नाही.

मग एक काम केलं ज्यानं पुढचा अपघात टळला. स्प्रिंग न घालता शॉक फ्रेममध्ये बसवला आणि मागचं चाक हातानं पार वरपर्यंत उचललं, शॉक पूर्ण दाबला जाईपर्यंत. तो पूर्ण दाबला गेलाच नाही. टायरच्या गुट्ट्या सीटच्या नळीला टेकल्या आणि दांडा अजून ३ मिमी बाहेर होता.

जुना शॉक पुन्हा काढला. हवा भरून पूर्ण लांब १९९.६, हवा सोडून पूर्ण दाबल्यावर १४९. म्हणजे त्याची चाल, ज्याला स्ट्रोक म्हणतात, ५१ मिमीच्या आत, दोन इंच. नव्या शॉकचा स्ट्रोक होता ५७, सव्वादोन इंच. लांबी तीच, चाल पाव इंच जास्त. २००×५१ आणि २००×५७ ही दोन्ही मापं जुन्या काळी सर्रास होती, हे मला वाचून माहीत होतं. विचारायचं मात्र राहिलं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, गुणिले २.३५ केलं की चाकाला १५ मिमी जास्त चाल मिळते, आणि ती जागा फ्रेममध्ये कुणी सोडलेलीच नसते. स्प्रिंग चढवून अंगणात बसून पाहिलं असतं तर यातलं काही दिसलं नसतं. दिसलं असतं ते जानापावच्या पहिल्या घळीत, वेगात, टायर नळीवर घासून चाक अडकल्यावर.

विकणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. मी अर्धाच प्रश्न विचारला होता.

सहा मिलिमीटरचं कडं

शॉक परत पाठवायचा विचार दोन दिवस केला. मग लक्षात आलं की कॉइल शॉकमध्ये ही जादा चाल बाहेरूनच बंद करता येते. दांड्यावर, भोकाच्या बाजूला, एक जाड रबर असतं. शॉक शेवटाला पोचला की डबा त्या रबरावर येऊन आदळतो. रबराच्या मागे पाव इंच जाडीचं कडं घातलं तर डबा पाव इंच आधी थांबतो. आय-टू-आय तेच राहतं, कारण लांब होण्याच्या टोकाला आपण हात लावलेला नाही.

सांवेर रोडच्या औद्योगिक भागात एक लेथवाला आहे, पंपाचे बुश करतो. त्याच्याकडे डेलरिनचा तुकडा पडलेला होता. डेलरिन म्हणजे ते पांढरं, कडक, किंचित तेलकट लागणारं प्लास्टिक. मार खातं आणि धातूला ओरखडत नाही. दांडा १२.७ मिमीचा. कड्याचं आतलं भोक १२.८, बाहेरचा व्यास २६, जाडी साडेसहा. दांड्याच्या दोन्ही टोकांना अडथळा, म्हणून अखंड कडं सरकवता येत नाही. ते करवतीनं दोन अर्ध्यांत कापलं आणि बाहेरच्या अंगाला एक खाच काढून घेतली. त्या खाचेत ओ-रिंग चढवला की दोन्ही अर्धे एकमेकांना घट्ट धरून बसतात. लेथवाल्यानं शेवटच्या दोन फेऱ्या इतक्या सावकाश घेतल्या की डेलरिनची साल एकसंध, शेवयांसारखी उतरत होती. मायक्रोमीटर लावून म्हणाला, "साढ़े छह बोले थे, साढ़े छह है भिया." दीडशे रुपये घेतले.

घरी येऊन पुन्हा तीच परीक्षा. स्प्रिंगशिवाय शॉक, चाक वरपर्यंत. या वेळी शॉक आधी टेकला आणि टायर व नळी यांच्यात माझी करंगळी जेमतेम गेली, ८ मिमी. भाचीनं स्वतःची करंगळी घालून खात्री केली. मग खालचे सांधेही बघितले, हलणारा दुवा फ्रेमला कुठे टेकत नाही ना, केबल चिमटत नाही ना.

स्प्रिंग कुणाच्या वजनाची?

शॉकबरोबर आलेल्या स्प्रिंगवर ५५०×२.२५ असं छापलेलं होतं. पहिला आकडा ताठपणाचा: एक इंच दाबायला किती पौंड लागतात. दुसरा, ती किती इंच दबू शकते. हा दुसरा आकडा शॉकच्या चालीपेक्षा कमी असलेली स्प्रिंग कधी घेऊ नये. वेटोळी एकमेकांना टेकून स्प्रिंग भरीव होते आणि सगळा मार फ्रेमवर जातो.

भावोजींचं वजन तेव्हा ८२ किलो होतं, भाचीचं आज हेल्मेट-पाण्यासकट ५८. ताईच्या बाथरूममधला वजनकाटा मागच्या चाकाखाली ठेवला, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची वीट. भाची सीटवर चढली, भिंतीला बोट लावून तोल धरला. नुसत्या सायकलचं वजन वजा केल्यावर तिचा मागच्या चाकावरचा भार भरला ३८ किलो. शॉकपर्यंत तो २.३५ पट होतो, म्हणजे ८९ किलो. माणूस नुसता बसल्यावर शॉक चालीच्या पंचवीस ते तीस टक्के दबलेला असावा. ५१ पैकी १५ मिमी धरले. ८९ भागिले १५, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे ६ किलो. ५६ नं गुणलं की पौंड-इंचाचा आकडा येतो, साधारण ३३५. आणि आमच्या हातात होती ५५०ची. ती लावली असती तर शॉक जेमतेम ९ मिमी बसला असता आणि पोरीच्या पाठीला प्रत्येक दगड कळला असता.

सांवेर रोडलाच स्प्रिंग करणारे आहेत. पण तार जाडीच्या चौथ्या घातानं ताठ होते. ८ मिमीऐवजी साडेसात घेतली तरी ताठपणा तेवीस टक्क्यांनी उतरतो. एवढ्या बारीक फरकाची एक नग स्प्रिंग बरोबर वळून देईल असा कारागीर मला भेटला नाही. बेंगळुरूहून ३५०×२.२५ मागवली, अठ्ठावीसशे रुपये.

ती छापल्याबरहुकूम आहे का, हे लेथवाल्याच्या पिलर ड्रिलवर पाहिलं. ड्रिलच्या टेबलावर ताईचा तोच वजनकाटा, त्यावर लोखंडी पट्टी, पट्टीवर उभी स्प्रिंग. वरून हँडल दाबून काटा वीस किलोवर आणला, ड्रिलच्या खोलीच्या पट्टीवर खूण केली आणि तिथून बरोबर १० मिमी खाली दाबलं. काटा ८६ वर थांबला. ६६ किलो वाढले, म्हणजे ३७०. छापलेल्यापेक्षा थोडी ताठ, पण स्प्रिंगमध्ये एवढं इकडेतिकडे असतंच. ५५०वालीही लावून पाहिली, तिनं ९८ किलो वाढवले. ती मात्र आकड्याला चोख होती.

सायकलवर चढवल्यावर भाची बसली तेव्हा दांडा १३ मिमी आत गेला. हिशेबानं साडेतेरा यायला हवा होता. प्रीलोडचं कडं, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला तिला आवळणारं, एकच फेरा दिलं. बरेच जण मऊ स्प्रिंग कडक करायला ते कडं पाच-सहा फेरे आवळतात; त्यानं सीट वर येते, पण स्प्रिंग होती तितकीच ताठ राहते आणि सुरुवातीची हालचाल मात्र जाते.

बारीक वाटणारी दोन कामं

शॉकची भोकं आणि फ्रेमचे बोल्ट जुळले नाहीत. वरचा बोल्ट ८ मिमी, खालचा ६. दोन्ही ठिकाणी फ्रेमच्या कानांमधली जागा २२.२ मिमी. मधले रिड्यूसर, म्हणजे भोकात बसून बोल्टला धरणाऱ्या छोट्या नळ्या, त्याच लेथवर ॲल्युमिनियममधून काढून घेतले. रुंदी २२.१ ठेवली. जास्त झाली तर बोल्ट आवळताना कान फाकतात, कमी झाली तर शॉक आडवा खेळतो आणि बुश महिन्यात खडखडू लागतो.

दुसरं, मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या हलत्या भागाच्या, म्हणजे मागच्या हाताच्या, सांध्यांतली बेअरिंग. सीट धरून चाक आडवं हलवलं तर किंचित टक् असा आवाज यायचा. शॉक काढून तो भाग वरखाली फिरवला तेव्हा आतली गंजलेली चरचर बोटांना कळली. ६९०० नंबरची बेअरिंग निघाली, १०×२२×६, दोन्हीकडून रबरी झाकणाची. सायकलच्या दुकानात मागितली असती तर महिना गेला असता. सियागंजात बेअरिंगवाल्यानं नंबर ऐकून दोन मिनिटांत काउंटरवर ठेवली. हे काम शॉकच्या आधी करायला हवं होतं, कारण सांधे खेळत असले की आडवा जोर शॉकच्या दांड्यावर येतो. शक्यता आहे की जुन्या शॉकचा दांडा इतका झिजला त्यात याच बेअरिंगचा वाटा होता.

जानापाव

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी निघालो. पहाटे पोहे खाऊन, महूपर्यंत सायकली भावोजींच्या गाडीवर बांधून. भावोजी पायथ्याला थांबले. मी माझ्या साध्या सायकलवर मागे होतो. वर चढताना भाची दोनदा उतरली, दमून. उतरताना एकदाही नाही. घळीच्या तोंडाशी एक दगडी पायरी आहे, साधारण वीतभर. तिथे ती सीटवरून उठली, मागचं चाक खाली आलं, दबलं आणि एकदाच वर येऊन थांबलं. दुसरी उसळी नाही. हे मी मागून पाहिलं आणि पायरीवरून माझी सायकल हातानं खाली उतरवली.

खाली आल्यावर भावोजींनी पहिल्यांदा शॉककडे पाहिलं, मग मुलीकडे. दांड्यावर मी नायलॉनची टाय सैल बांधून ठेवली होती. शॉक जितका दबतो तितकी ती ढकलली जाते. व्हर्निअर खिशात होतंच. ४६ मिमी. म्हणजे ५१ पैकी ५ शिल्लक होते आणि कड्यावर अजून आदळ बसला नव्हता. सीटच्या नळीवरची धूळ टायरनं कुठे पुसलेली नव्हती.

आता चारशेच्या आसपास किलोमीटर झाले आहेत. खालच्या बुशात किंचित ढिलेपणा आलाय, तो पावसाळ्याआधी बदलायचा आहे. ५५०ची स्प्रिंग कापडात गुंडाळून ठेवली आहे. भावोजी गुडघ्याचा व्यायाम पुन्हा करायला लागलेत.